तिसरं स्थळ

४ फेब्रुवारी

ताई,

आज रविवार. सकाळी कपडे धुतले, दाढी केली. दहाच्या सुमारास शेजारचे सलूनवाले आणि शाळेच्या निवृत्त मोठ्या बाई मला न्यायला आल्या. त्यांच्याबरोबर जाऊन तीन स्थळं पाहिली. दाखवायला पालिकेतली एक मुलगी होती.

पहिलं मोठं आणि ऐसपैस आहे. बाकीच्यांना तेच आवडलं. दुसरं अगदी रस्त्यावरचं, ते मला नको. तिसरं लहान आहे आणि जुनं. कुलूप होतं, त्यामुळे आत जाता आलं नाही, बाहेरूनच पाहिलं. पण घराजवळचं आहे. मला तेच पसंत आहे. अजून कोणाला बोललो नाही.

पुढच्या महिन्यात ठरवायचं आहे.

तब्येत बरी आहे. दवाखान्यात काम नेहमीसारखं. तुझं कानाचं नवं यंत्र कसं आहे? फोनवर अजूनही ऐकू येत नसेल तर पत्रच बरं.

तुझा
घुम्या


१० फेब्रुवारी

घुम्या,

तुझं पत्र वाचलं आणि मटकन खाली बसले. उठले, पुन्हा वाचलं, पुन्हा बसले. मग सूनबाईला हाक मारली, "अगं ए, इकडे ये, माझा भाऊ स्थळं बघतोय!"

आधी राग आला, लपवत नाही. वहिनी जाऊन अजून वर्ष झालेलं नाही, महिना बाकी आहे. स्वयंपाकघरात दोन पातेली आपटली. सूनबाई म्हणाली, "आई, मामांनी काय जन्मभर नुसतं लोकांना 'हलू नका, श्वास रोखा' एवढंच म्हणत राहायचं? घरी कोणी बोलायला नको?" तेव्हा जरा शांत झाले. खरंच आहे तिचं. एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीतून यायचं आणि घरी येऊन पुन्हा भिंतींकडे बघायचं. रात्री विचार करता करता राग गेला आणि सकाळी उठले ती चक्क आनंदात.

पण माझ्या राजा, ही काय रीत झाली? कुलूप होतं म्हणतोस, म्हणजे ती माणसं घरीच नव्हती. आणि न बघताच तुला पसंत? पहिली 'ऐसपैस' म्हणजे काय रे? असं लिहितात का बाईमाणसाबद्दल? आणि दुसरी 'रस्त्यावरची'! वहिनीने हे वाचलं असतं तर तुझा कान धरला असता. आणि पालिकेतली मुलगी काय म्हणून मध्ये? पालिका आता हेही काम करते का? आमच्याकडे तर साधे खड्डे बुजवत नाही.

तिसरी 'लहान आणि जुनी' म्हणतोस, ते मला समजलंच नाही. नेमकं वय काय? लहान की जुनी, एक काय ते कळव. नोकरी आहे का? मुलंबाळं? स्वभाव? आणि तुझ्याशी बोलते का? कारण दोघंही घुमी असाल तर त्या घरात घड्याळसुद्धा लाजून बंद पडेल.

सगळं नीट, सविस्तर, पहिल्यापासून लिही. माझा आशीर्वाद आहे.

ताई

ता. क. माझ्या नणंदेच्या माहितीतही एक चांगल्या बाई आहेत. बँकेत होत्या. सहज कानावर घालून ठेवते.


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दवाखान्यात उघडलं. कानशिलं तापली. आमच्या खोलीत अंधार असतो म्हणून बरं.

स्थळ म्हणजे जागा. जमीन. पालिकेच्या कागदावर 'स्थळ क्रमांक एक, दोन, तीन' असं छापलेलं आहे आणि आमच्याकडे आता सगळे तसंच म्हणतात. मी लग्न करत नाही. बँकेतल्या बाईंच्या कानावर काही घातलं असशील तर कृपा करून आजच मागे घे.

सविस्तर लिहितो. पालिकेच्या मालकीच्या कितीतरी जागा शहरात नुसत्या पडून आहेत. त्यांतली एक-एक जागा प्रत्येक प्रभागाला बागेसाठी द्यायची असं ठरलं आहे. कोणती, ते रहिवाशांनी निवडायचं. उरलेल्या जागा लिलावात जातील. निवडीसाठी पाच जणांची समिती आहे. आमच्या भागात गाड्या लावण्यावरून दोन तट पडलेत, त्यामुळे पाचवं माणूस कोणत्याच तटातलं नको होतं. सलूनवाले म्हणाले, "एक्स-रेवाल्या साहेबांना घ्या. ते कोणाशीच बोलत नाहीत, म्हणजे कोणाच्याच बाजूचे नसणार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी तिथे नव्हतो. माझी निवड झाल्याचं मला जिन्यात कळलं.

नकार द्यायला मोठ्या बाईंच्या घरी गेलो होतो. त्यांनी दार उघडलं, नकाशाचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "धरा. सरळ धरा." धरलं. मग नकार द्यायचा राहून गेला.

पहिलं स्थळ म्हणजे बस आगाराच्या मागचं मैदान. मोठं आहे. मुलं तिथे खेळतात. ते लिलावात गेलं तर मुलांना खेळायला जागाच उरणार नाही, म्हणून बाईंचा जीव त्याच्यात अडकलाय. दुसरं म्हणजे रस्ता रुंद करताना उरलेली पट्टी, म्हणून 'रस्त्यावरचं'. तिसरं म्हणजे जुन्या पंपघराचं आवार. पंप कधीच बंद पडले. आवारात दोन मोठी झाडं आहेत, सावली चांगली पडते. फाटकाला कुलूप आहे, किल्ली कोणाकडे ते पालिकेलाही माहीत नाही. मुलगी म्हणालीस ती पालिकेच्या उद्यान विभागातली इंजिनियर आहे. नवीन आहे, उत्साही आहे, सारखी धावत असते.

ताई, एक लिहितो. मला या कामात फार मजा येते आहे. नकाशा घरी आणला आहे. सवयीने तो उजेडासमोर धरून बघतो. ज्या भिंतीवरून रोज जातो तिच्यामागे काय आहे ते आता कळतंय. शाळेमागे एक विहीर आहे, मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. परवा नकाशा बघता बघता जेवायचं विसरलो. बऱ्याच दिवसांत असं कशापायी काही विसरलो नव्हतो.

घुम्या


१९ फेब्रुवारी

घुम्या,

हसून हसून माझं कानातलं यंत्र गळून चहात पडलं. बाहेर काढून वाळत ठेवलंय, तेव्हा आज घरात शांतता आहे.

पण आता दुसरं ऐक. हे हसण्यासारखं नाही. मी तुझ्या सासूबाईंनाही लिहून मोकळी झाले होते. मला वाटलं, बाहेरून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं बरं. तुझा खुलासा यायच्या आदल्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. जसंच्या तसं लिहिते:

"बातमी कळली. बरं झालं. माझी लेक असती तर तिनेच त्याला पुढे ढकललं असतं. तो एकटा जेवायला बसतो हे मनात आलं की माझा घास अडकतो. त्याला म्हणावं, माझ्याकडे बघून थांबू नकोस."

वाचून मी रडले आणि मग जीभ चावली. आता काय सांगू त्यांना, की नवरी नाही येणार, बाग येणार? हे मी निस्तरू शकत नाही. तूच लिही. नीट लिही, चार ओळींत उरकू नकोस. त्यांच्या लेकीबद्दलही लिही. तू गप्प राहतोस तेव्हा लोकांना वाटतं की तुझ्यात काही चाललेलंच नाही.

आणि मला एक सांग. मोठं सोडून लहान, उघडं सोडून कुलपातलं, असं कोण पसंत करतं? 'सावली चांगली पडते' हे मला सांगू नकोस. कारण असल्याशिवाय तू रस्तासुद्धा ओलांडत नाहीस.

यंत्र वाळलं की फोन करीन म्हणते. तू बोलणार असलास तर.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

सासूबाईंना लिहिलं. पत्राला पूर्ण संध्याकाळ गेली. काल उत्तर आलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलंय, "मग तिथे बसायची काय सोय करणार?"

त्यांना नेमकं तेच कसं सुचलं कळत नाही, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे.

शेवटच्या काही महिन्यांत हिला घरात बसवत नव्हतं. संध्याकाळी म्हणायची, "चला, जगाला तोंड दाखवून येऊ." निघायचो. थोडं चाललं की दम लागायचा. आमच्या घरापासून आगारापर्यंत बसायला काही नाही. फक्त पंपघराच्या फाटकाबाहेर एक दगडी पायरी आहे. तिथे बसायचो. ती फाटकातून आत बघत बसायची आणि त्या आवारात सामान लावायची. "झाडाखाली बाक. इकडे नळ. आणि त्या कोपऱ्यात काही नको, सगळं भरून टाकतात मेले." मी हं म्हणायचो. ती म्हणायची, "हं काय? लिहून घ्या." मी लिहून घेतलं नाही.

म्हणून तिसरं. समितीत मी हे बोललो नव्हतो. पाचातलं एक मत माझ्याकडे आहे आणि ते सगळ्या वस्तीचं आहे. माझ्या घरातल्या गोष्टीवर ते खर्च करायचं का, हे मला कळत नव्हतं.

मागच्या सोमवारी बैठक होती. सोमवारी सलून बंद असतं म्हणून आम्ही तिथेच बसतो, त्या फिरत्या खुर्च्यांवर. समोर आरसे. कोण कोणाच्या बोलण्यावर तोंड वाकडं करतो ते सगळ्यांना दिसतं. बाईंनी विचारलं, पहिलं कोणाला हवं? चार हात वर झाले. दुसरं? एकही नाही. तिसरं? सगळे हसले.

बाई आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचा हात कुठेच नाही. श्वास रोखून बसलात का?"

मी म्हणालो, "तिसरं."

"का?"

"माझ्या बायकोला चालताना दम लागायचा. तेवढ्या वाटेवर बसायला ती एकच पायरी आहे."

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे फिरल्या. मग सलूनवाले म्हणाले, "अहो साहेब, हे आधी नाही का सांगायचं!" चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणाले, "मग माझं मत बदला. तिसरं." पाचवे आमच्या सोसायटीचे सचिव, त्यांनीही मान हलवली.

बाई उठून उभ्या राहिल्या. "खाली बसा सगळे. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून मत देता येत नाही, नाहीतर उद्या जो रडेल त्याची बाग. ही त्यांच्या एकट्याची अडचण आहे की वस्तीची, ते बघू. रविवारी चालून बघायचं. ज्यांना चालायला त्रास होतो त्यांना घेऊन. आगारापर्यंत."

ताई, मला त्यांचा राग आला नाही. उलट सुटका झाल्यासारखं वाटलं.

रविवारी निघालो. मला वाटलं, कोण येणार? गल्ली भरली. ज्यांना आम्ही कर्नल म्हणतो ते काठी घेऊन आले (ते सैन्यात कधीच नव्हते, टपालात होते). वरच्या मजल्यावरची आठवा महिना लागलेली मुलगी आली, तिची सासू आली, गुडघ्यावाले आले, दम्यावाले आले. सलूनवाल्यांनी घडीचं स्टूल खांद्यावर घेतलं होतं. निघताना सगळे मोठमोठ्याने बोलत होते. हळूहळू आवाज कमी झाला. पंपघर येईपर्यंत कोणी बोलेना. आणि मग त्या एका पायरीवर जी झुंबड उडाली!

"सरका हो जरा."

"मी आधी बसलोय."

"कर्नल, टपालात होतात ना? मग दुसऱ्याच्या जागेवर कब्जा करायला कुठे शिकलात?"

"आधी पोटुशी पोरगी बसेल, मग तुमचं महायुद्ध चालू द्या."

बाई मात्र पायरीशी ताठ उभ्या. सलूनवाल्यांनी त्यांच्यामागे स्टूल उघडून ठेवलं. "मी दमलेली नाही," बाई म्हणाल्या, "मी निरीक्षण करते आहे." निरीक्षण बराच वेळ बसून चाललं.

तिथून पुढे आगारापर्यंत फार थोडे आले. मैदानात पोरं होती. कुठून कुठून आलेली, धूळ उडवत, एकमेकांवर ओरडत. बाई मला म्हणाल्या, "बघितलंत? यांनी कुठे जायचं?" त्यांचंही खरं आहे, ताई. माझ्या मनात तोवर ही पोरं नुसती नकाशावर होती.

परत येताना इंजिनियर मुलगी सारखी पुढे जायची आणि माझ्यासाठी थांबायची. शेवटी म्हणाली, "काका, रागावू नका, तुम्ही इतकं हळू का चालता? गुडघा दुखतो का?" मला काहीच दुखत नाही. मी हिच्या चालीने चालत होतो. वर्षभर तसंच चालत असणार. पायांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या सोमवारी मतदान आहे. मी अजून तिसऱ्याचाच आहे, पण पहिल्यासारखी खात्री नाही.

घुम्या


२ मार्च

घुम्या,

तुझं एवढं मोठं पत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. सूनबाईने मोठ्याने वाचून दाखवलं, कर्नलच्या जागी आवाज काढून. नातवंडांनी पुन्हा वाचायला लावलं. पायरीचा भाग मात्र मी तिच्या हातातून घेऊन मनातच वाचला.

तिसऱ्यालाच मत दे. तू खरं बोललास आणि लोकांनी चालून पाहिलं, आणखी काय हवं? पोरांची काळजी तुझ्या त्या बाई घेतील, त्या काही हटणाऱ्या दिसत नाहीत. मला आवडल्या. (घाबरू नकोस. नुसत्या आवडल्या.)

आणि बाग झाली की फाटकावर वहिनीच्या नावाची पाटी लाव. संगमरवराची. खर्च मी देते.

सोमवारी काय झालं ते लगेच कळव. इथे सगळे टांगणीला लागलोत. नातू रोज विचारतो, "आजोबा जिंकले का?"

ताई


५ मार्च

ताई,

तिसरं स्थळ यादीतून काढलं.

काल मतदान झालंच नाही. इंजिनियर मुलगी पालिकेचं पत्र घेऊन आली. ठरावीक मापापेक्षा लहान जागेला नियमाप्रमाणे 'बाग' म्हणता येत नाही. पंपघराचं आवार त्या मापात बसत नाही. तिने ते आपणहून यादीत घातलं होतं, मोठ्या साहेबांनी खोडलं. तिला रडू आलं. सलूनवाल्यांनी तिला स्वच्छ टॉवेल दिला.

आता पहिलं आपोआप निवडलं जाईल. मुलांना मैदान मिळेल, ते चांगलंच आहे. पंपघर लिलावात जाईल. बहुधा गाड्या लावायला.

पाटी नको. पाटीचं मी तुला नाही म्हणणारच होतो. तिला ते आवडलं नसतं.

नकाशा बाईंना परत दिला.

घुम्या


१० मार्च

घुम्या,

मला तुझं हे पत्र मुळीच आवडलं नाही. नकाशा परत दिला म्हणे! घे परत. जा आणि भांड.

तुला भांडता येत नाही हे मला ठाऊक आहे. लहानपणी तुझी भांडणं मीच केली. पण आता मी बहिरी झाले आहे. तिकडे येऊन भांडले तर माझं मी बोलेन, समोरच्याचं काहीच ऐकू येणार नाही. तसा तो फायदाच आहे म्हणा. तू सांगितलंस तर उद्या गाडीत बसते, गंमत करत नाही.

परवा वर्ष होतंय, घुम्या. त्या दिवशी घरात एकटा बसून राहू नकोस. कोणाकडे तरी जा. सलूनमध्ये जाऊन बस हवं तर.

ताई


२४ मार्च

ताई,

तुझं 'भांड' म्हणणारं पत्र आलं तेव्हा भांडून झालं होतं. आणि भांडण मी केलंच नाही, बाईंनी केलं.

मी नकाशा परत दिला, त्या रात्रभर बाई पालिकेचं पत्र वाचत होत्या म्हणे. सकाळी सात वाजता माझ्या दारात. मी दात घासत होतो. त्या म्हणाल्या, "तोंड धुवा आणि मला सांगा. नियम काय आहे? 'प्रत्येक प्रभागास एक बाग.' बरोबर?"

मी मान हलवली. तोंडात फेस होता.

"आणि पंपघराला 'बाग' म्हणता येत नाही, असं साहेब म्हणतात. बरोबर?"

"हं."

"हं काय? मग ते त्या 'एक बाग'मध्ये मोजायचं कसं? बाग नाही ना ती? मग बाग पहिली घ्या, आणि ही दुसरी जी काही आहे ती वेगळी घ्या. बाग म्हणायचं नाही म्हणतात ना, मग नका म्हणू! मला काय, मी 'बसायची जागा' म्हणीन."

चाळीस वर्षं पोरांना वाक्यं सोडवायला शिकवली आहेत त्यांनी. मी बेसिनशी तसाच उभा राहिलो. मग आम्ही दोघं हसायला लागलो. वरच्या मजल्यावरची सासू काय झालं म्हणून डोकावली.

त्याच दिवशी इंजिनियर मुलीला गाठलं. तिने नियमांचं पुस्तक उलटंपालटं केलं. लहान जागा रहिवाशांना देखभालीला देऊ नये असं कुठेच लिहिलेलं नाही. पुढचे काही दिवस नुसती धावपळ झाली. सह्या गोळा केल्या. सलूनवाले दाढी अर्ध्यावर ठेवून गिऱ्हाइकाला म्हणायचे, "आधी सही, मग दुसरा गाल." कर्नल घरोघर गेले, टपालात होते त्याचा उपयोग झाला. मी रोज ड्यूटी संपवून थेट निघायचो. तेव्हा कोणी मला हळू चालताना पाहिलं नसेल.

बारा तारखेला मोठ्या साहेबांनी भेटीला बोलावलं. त्यांनी बाईंचं म्हणणं ऐकलं, कागद बघितला, पुन्हा बाईंकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोणत्या शाळेत होता?" बाईंनी सांगितलं. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "तरीच," म्हणाले, "माझा मोठा भाऊ तुमच्या हाताखालून गेलाय. अजून ऱ्हस्व-दीर्घाला घाबरतो." पण सही काही त्यामुळे केली नाही. त्यांनी मला विचारलं, "देखभाल कोण करणार? लोक पहिला महिना येतात, मग कोणी फिरकत नाही."

सगळे बाईंकडे बघत होते. मी म्हणालो, "मी करीन. माझं घर जवळच आहे. मी रोज येईन." एवढं मोठ्याने बोललो की बाहेरचा शिपाई आत आला.

साहेबांनी सही केली, ताई. दोन्हीवर. पोरांना मैदान आणि आपल्याला पंपघर.

बाहेर आल्यावर सलूनवाल्यांनी मला मिठी मारली. सगळ्यांबरोबर चहा घेतला, बोलत बोलत घरी आलो, दिवा लावला. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. बारा तारीख. वर्ष झालं होतं आणि दिवसभरात मला ते एकदाही आठवलं नव्हतं. जिन्यावरून पाय घसरावा तसं झालं. पण तुला म्हणून लिहितो, वाईट वाटलं तरी अपराधी वाटलं नाही. ती असती तर तिलाही त्या दिवशी दुसरं काही आठवलं नसतं. सासूबाईंना हे असंच्या असं लिहिलं. त्या उन्हाळ्यात येतो म्हणाल्यात, आठ दिवस. तूही ये. दोघींना गाडीवर घ्यायला मी येईन.

आज कुलूप तोडलं. वाटलं तेवढं सोपं नव्हतं, करवतीची दोन पाती गेली. आत इतका पाला साठला होता की सगळी वस्ती सकाळपासून ओढत होती. नळ हिने सांगितला होता तिथे होत नाही, पाण्याचा पाईप पलीकडून गेलाय. ते तिचं चुकलं. बाक दोन मिळणार आहेत, एक पालिकेचा, एक चष्मेवाल्यांचा. इंजिनियर मुलगी कोपऱ्यात फुलांचे वाफे आखायला लागली. मी म्हटलं, तेवढा कोपरा राहू दे. तिने विचारलं, "का?" बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि वाफ्यांची दोरी उचलून घेतली. कर्नल आणि सासूबाई (वरच्या, आपल्या नव्हेत) यांचं आत्तापासून बाकावरून वाजलंय, बाक यायच्या आधीच.

मी भिंतीकडेला खणलं. कुदळ कशी धरायची ते मला माहीत नव्हतं, सगळे हसले. नंतर जमलं. हात भरून आलेत, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे.

आंघोळ झाली, पण नखांत माती तशीच आहे. उद्या सकाळी पहिलाच रुग्ण आठला आहे. खिडकीशी अजून उजेड आहे तोवर नखं कापून घेतो.

घुम्या